अंकुशची एकवीस दिवसांची वही

मंजुषाला पाहायला नालवाडीचे पाहुणे आले आणि तिचा सख्खा भाऊ अंकुश गोठ्यात जाऊन बसला. घरात चहाचं आधण चढलं होतं, त्यात आलं पडलं होतं आणि तो वास त्याला सोसवत नव्हता.

अंकुश वर्ध्याला व्यसनमुक्ती समुपदेशनाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होता. अल्लीपुरात या शिक्षणाचं कौतुक बेताचंच. ‘जिल्ह्यात दारूबंदी असताना हा पोरगा सोडवणार काय?’ असं लोक विचारत आणि विचारताना त्यांच्या तोंडाला दारूचा वास येई. त्यात वेदश्री मॅडमनी प्रात्यक्षिक दिलं होतं. प्रत्येकानं आपली एक सवय एकवीस दिवस सोडायची आणि रोज वही लिहायची. सोडणाऱ्याचे हाल कळल्याशिवाय सोडवणारा तयार होत नाही, असं त्यांचं म्हणणं. वर्गात कुणी कुणाला हसू नये म्हणून वहीत सवयीचं नाव लिहायचं नाही, नुसतं ‘पदार्थ’ म्हणायचं. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्यापासून. अंकुशनं चहा सोडला होता आणि आज विसावा दिवस होता.

मंजुषा आणि नवरा मुलगा अनुप पुलगावला एकाच शाळेत शिकवत, त्यामुळे त्यांचं एकमेकांना पाहणं कधीच होऊन गेलं होतं. उरले होते अनुपचे वडील बंडोपंत. निवृत्त मुख्याध्यापक, आणि आजवर नऊ मुली नापास केलेल्या. ते हो म्हणाले तरच लग्न. मंजुषाला आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं.

बंडोपंतांना वही दिसली की उघडल्याशिवाय राहवत नसे. टीव्हीजवळची वही त्यांनी उचलली. “अक्षर बरं आहे,” म्हणाले आणि मोठ्यानं वाचू लागले.

“‘दिवस दुसरा. डोकं फुटतंय. हात थरथरतात. आईवर ओरडलो. दिवस पाचवा. टपरी टाळायला वावरातून गेलो. काटा रुतला. दिवस नववा. मंजुषानं माझ्यासमोर बसून पदार्थ घेतला. मुद्दाम. दोनदा.’”

अनुप दचकला. बंडोपंतांचा आवाज चढला.

“‘दिवस बारावा. घरात सगळेच घेतात. पहाटे घेतल्याशिवाय आईचे डोळे उघडत नाहीत. बाबा दिवसातून सहा वेळा घेतात.’”

“मी?” अंकुशचे वडील ओमप्रकाश ताडकन उठले. “मी काय घेतो?”

अंकुशला गोठ्यातून बोलावणं गेलं. तो आला तो नाकाला रुमाल लावून. त्यानं बंडोपंतांची खात्रीच पटली.

“काय घेता तुम्ही लोक?”

“सांगता येत नाई, सर. मॅडमनं नाव घ्याले मनाई केली हाय.”

“अबे सांग ना!” ओमप्रकाश ओरडले. “मी काय घेतो, मले बी समजू दे!”

तेवढ्यात मंजुषा चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. घाईत चहा बशांत सांडला होता. “सांग ना रे भाऊ,” ती एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मॅडमचा नियम अंकुशनं तिथेच सोडला.

“चहा!”

“चहासाठी कोणाचे हात थरथरतात?” बंडोपंत म्हणाले. “चाळीस वर्षं मुलांची कारणं ऐकली आहेत मी. खरं असेल तर पिऊन दाखव.”

वही परवा द्यायची होती. आता पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात म्हणजे प्रात्यक्षिकात नापास. अंकुशनं बहिणीकडे पाहिलं आणि कप तोंडाला लावला. पहिल्या घोटाला त्याचे डोळे मिटले. दुसऱ्याला खांदे उतरले. मग त्यानं बशीत सांडलेलाही पिऊन टाकला, आणि कुणी न विचारता दुसरा कप उचलला. तो अनुपचा होता.

“चहाच आहे,” बंडोपंत म्हणाले.

सगळे हसले. मंजुषा मात्र हसली नाही.

“सर, आमच्या घरचं समदं तुम्ही वाचलं. आता तुमच्या घरी कोन काय घेते, ते मी इचारू का?”

अंकुशच्या आईनं, देवकाबाईंनी, स्वयंपाकघराच्या दारात कपाळाला हात लावला. मुलीनं असं विचारल्याचं अल्लीपुरात कुणी ऐकलं नव्हतं.

“आमच्याकडे सुपारीचं खांडसुद्धा नाही,” बंडोपंत म्हणाले.

“लाल पेन हाय,” सुनीतीबाई म्हणाल्या. अनुपची आई आल्यापासून पहिल्यांदाच बोलत होती. “रिटायर होऊन सहा वर्सं झाले. किराण्याच्या यादीले मले दहापैकी चार मार्क देते हा माणूस. माह्या भावाची लग्नपत्रिका सात चुका काढून वापस पाठवली. भाऊ अजून बोलत नाई.”

“आठ चुका,” बंडोपंत म्हणाले.

“सर, काकूंचं होऊ द्या,” अंकुश म्हणाला. मॅडमनी दोन वर्षं एकच गोष्ट घोकून घेतली होती: सल्ला द्यायचा नाही, ऐकायचं. “मंग तुम्हाले कसं वाटलं, काकू?”

हा प्रश्न सुनीतीबाईंना लग्न झाल्यापासून कुणी विचारला नव्हता. त्या पोहे खाताना बोलल्या, जेवताना बोलल्या, आंबाडीची भाजी दुसऱ्यांदा वाढून घेताना थोडं रडल्या आणि पुन्हा बोलल्या. अंकुश मान डोलवत राहिला. बंडोपंतांसमोरच्या चहावर साय धरली.

चार वाजता पाहुणे उठले. बंडोपंतांनी घसा साफ केला. “मुलगी हुशार आहे. पण विचार करून कळवतो.”

“कळवाचं काय हाय त्यात?” सुनीतीबाई पायात चप्पल सरकवत म्हणाल्या. “देवकाबाई, पक्कं समजजा. मले आता दर रविवारी इथं याले काही नातं पाह्यजे का नाई?”