म्हाताऱ्याचं न्हाणं

ओफेलियाच्या म्हाताऱ्याला न्हाऊ घालायचं काम रुफिनोनं आपणहून अंगावर घेतलं आणि तिथंच माती खाल्ली.

म्हातारा म्हणजे निवडुंग. (तिचा नवरा रुफिनो नव्हे. त्याला घरात एवढा मान नव्हता.) हातभर उंच, वरपासून खालपर्यंत पांढऱ्या लांब केसांनी झाकलेला. ओफेलियाच्या वडिलांनी बी पेरून वाढवलेला, वय एकतीस. अमेरिकेतल्या टुसॉन शहराच्या निवडुंग मंडळाच्या प्रदर्शनात दोन वर्षं त्याचा पहिला नंबर हुकला होता. शेरा एकच, 'केस मळकट.' यंदा ओफेलिया इरेला पेटली होती. सकाळी सातलाच ती टेबलं मांडायला सभागृहात गेली.

"लहान बाळाचा शाम्पू, दोन थेंब," जाताना ती म्हणाली. "कुंडीला प्लास्टिक गुंडाळ, पाणी मुरलं तर मुळं कुजतील. आणि बाबांच्या झाडाला काही झालं ना रुफिनो, तर घरी येऊ नकोस. माझ्या बहिणीकडेही जाऊ नकोस, तीही दार उघडायची नाही."

बाळाचा शाम्पू संपला होता. रुफिनोनं घड्याळ पाहिलं. दहाला झाड पोचवायचं आणि दुकान उघडणार दहाला! मग त्याला स्वतःची बाटली आठवली. 'पांढऱ्या केसांना तेज.' नाताळपासून तो तीच वापरत होता. (हल्ली बायका वळून वळून बघायच्या.) पाच मिनिटं ठेवा, असं वर लिहिलेलं. घराण्याच्या अब्रूचा प्रश्न म्हणून त्यानं वीस ठेवली.

धुऊन, दाताच्या ब्रशनं विंचरून त्यानं म्हाताऱ्याला उन्हात ठेवलं आणि चष्मा लावला. म्हातारा जांभळा झाला होता.

पुन्हा धुवावं तर मुळांची भीती, न धुवावं तर बायकोची. शेवटी म्हाताऱ्यावर उशीचा अभ्रा चढवून, त्याला पुढच्या सीटवर पट्ट्यानं बांधून रुफिनो निघाला. वाटेत त्याला तीनदा मेक्सिकोला पळून जावंसं वाटलं. हद्द तासाभरावर तर होती.

सभागृहात परीक्षक मिसेस प्रुइट यांनीच अभ्रा उचलला. ओफेलिया काहीच बोलली नाही. ती ओरडते तेव्हा माणूस वाचतो, हे रुफिनोला तेहतीस वर्षांच्या अनुभवानं माहीत होतं.

"झाडाला रंग लावलाय," मिसेस प्रुइट म्हणाल्या. "नियमात बसत नाही. झाड बाद."

"रंग नाही हो!" रुफिनो कळवळला. "आईशप्पथ! साधा शाम्पू आहे. मी स्वतः चार महिने तोच लावतोय!"

सगळं सभागृह त्याच्या डोक्याकडे बघायला लागलं. मिसेस प्रुइटनी भिंग काढलं. आधी झाड पाहिलं, मग रुफिनोला खाली वाकवून त्याचं डोकं.

"छटा तंतोतंत तीच," त्या म्हणाल्या. "रंग नव्हे, पांढऱ्या केसांचा पिवळेपणा घालवायचा जांभळा शाम्पूच. झाड स्पर्धेत राहील."

म्हाताऱ्याला दुसरा नंबर मिळाला. शेरा होता, 'केस अत्यंत स्वच्छ.' ओफेलिया रिबिनीवरून हात फिरवत बसली. बाबा असते तर पोट धरून हसले असते, एवढंच ती म्हणाली. रुफिनोच्या जिवात जीव आला.

परतताना त्यानं भीत भीत विचारलं, "तुला आधीच दिसलं होतं? माझं डोकं?"

"अख्ख्या गल्लीला दिसलंय. मला वाटलं, तुला हौस आली असेल. उतारवयात माणसाला दुखवू नये, असं चर्चमधले फादर म्हणाले."

"मग आता... जाईल ना रंग?"

"झाडाचा जाईल, महिन्या-दोन महिन्यांत."

"आणि माझा?"

"तुझाही जाईल रे. पण नातवंडं तुला 'वांगी आजोबा' म्हणतात, ते काही आता जायचं नाही."