नरसक्काची परसदारं

नरसक्का कुणाच्याही घरी आली तरी पुढच्या खोलीत थांबत नाही. चपला काढायच्या, पदर खोचायचा आणि स्वयंपाकघरातून सरळ मागच्या परसदारी जायचं, हा तिचा ठरलेला रस्ता. मी लग्न होऊन या गल्लीत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी बायका मला बघायला आल्या होत्या. कुणी नाव विचारलं, कुणी माहेर विचारलं. नरसक्कानं विचारलं, "बॅरलमधलं पाणी कधीचं हाय?"

मी नवी नवरी. घरात बॅरल कुठं आहे हेच मला माहीत नव्हतं. मी सासूबाईंकडं पाहिलं. सासूबाई घाबरून मागच्या दाराकडं बघत होत्या, कारण तोवर नरसक्का तिथं पोचली होती.

आमची गल्ली भवानी पेठेच्या पाठीमागं. घरं लहान, एकाला एक चिकटलेली, पण प्रत्येकाच्या मागं हातभर का होईना परसदार आहे. तिथं धुण्याचा दगड, कढीपत्ता, जास्वंद आणि पाणीच पाणी. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. ते येतं त्या दिवशी आम्ही बॅरल, हौद, घागरी, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवतो. साठवलेलं पाणी ही आमची गरज आणि डासांची चैन. या दोघांच्या मध्ये गेली कित्येक वर्षं नरसक्का उभी आहे.

ती तेलुगू विणकरांच्या घरातली. टॉवेलच्या कारखान्यात तीस वर्षं चेकिंगला होती. ट्यूबलाइटखाली लांब टेबल, टेबलावर टॉवेल पसरायचा, उलटसुलट बघायचा, सुटलेला धागा किंवा तेलाचा डाग दिसला की म्हणायचं 'रिजेक्ट', नाहीतर 'पास'. तीस वर्षं हे दोनच शब्द. कारखान्यातून ती रिटायर झाली, पण तिचे डोळे झाले नाहीत. टॉवेल संपले तेव्हा तिनं ते आमच्या परसदारांकडं वळवले.

तिची हत्यारं साधी. खांद्यावर पांढऱ्या टॉवेलचा तुकडा, हातात स्टीलचा मग आणि सुताच्या दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला चष्मा. बॅरलच्या तळातून मगभर पाणी काढायचं, पांढऱ्या कापडातून गाळायचं आणि कापड उन्हात धरायचं. अळ्या असल्या की त्या पांढऱ्यावर वळवळताना दिसतात. दिसल्या नाहीत म्हणणाऱ्याला ती स्वतःचा चष्मा लावायला देते. तरी दिसल्या नाहीत म्हणणारा माणूस अजून आमच्या गल्लीत जन्माला यायचाय.

"माल तयार हाय," ती शांतपणे म्हणते. "आठ दिवसांत उडंल."

मग पुढचा प्रश्न, घासलं का नुसतं ओतलं? कारण अंडी पाण्यात नसतात, कडेला चिकटलेली असतात, आणि कोरड्या भांड्यातही महिनोन् महिने तग धरतात. हे मी बी.एड. होऊनही नरसक्काकडून शिकले. गाळलेलं पाणी मात्र ती कधी मोरीत जाऊ देत नाही, झाडाला घालायला लावते. उपसता न येणाऱ्या हौदात अळ्या खाणारे गप्पी मासे सोडते. संडासाच्या उंच पाइपाच्या तोंडाला जाळी बांधायला लावते. फ्रिजच्या मागं एक ट्रे असतो आणि त्यात पाणी साठतं, हा शोध आमच्या गल्लीला तिनंच लावून दिला. त्या दिवशी प्रत्येक घरातला फ्रिज भिंतीपासून पुढं ओढला गेला आणि हरवलेल्या कितीतरी वस्तू सापडल्या.

तिच्या या तपासणीमुळं आमच्या घरी एकदा मोठा घोळ झाला. माझ्या नणंदेला बघायला वैरागहून पाहुणे आले होते. मुलगा, त्याची आई, दोन काका. पोह्यांच्या बशा फिरत होत्या आणि नणंद खाली मान घालून बसली होती. नरसक्का नेहमीप्रमाणं आत आली, पाहुण्यांना हात जोडले आणि मागं गेली. मुलाची आई नणंदेला शिक्षण विचारत होती, तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. "रिजेक्ट. सरळ रिजेक्ट."

एका काकांनी पोह्याचा घास तोंडातच धरला. नणंदेचे डोळे भरून आले. सासूबाई उठून काहीतरी सांगायला लागल्या, पण त्यांच्या तोंडून धड वाक्य येईना. शेवटी नरसक्का ओलं कापड घेऊन बाहेर आली आणि मनी प्लँटच्या बाटलीत काय सापडलं ते तिनं पाहुण्यांनाच दाखवलं. मुलाच्या आईनं कापड हातात घेतलं, निरखून पाहिलं आणि त्या हसत सुटल्या. मग म्हणाल्या, आमच्या हौदातसुद्धा हे असतं, काय करायचं? पुढचा अर्धा तास मुलीला कुणी काही विचारलं नाही. सगळे हौदाविषयी बोलत होते. जाताना पाहुण्यांनी होकार दिला आणि गप्पी मासेही मागून घेतले. लग्न आम्ही जमवलं असं आम्ही सांगतो, पण खरं सगळ्यांना माहीत आहे.

गल्लीत एकच घर तिला बंद होतं. आमच्या शेजारचं, देशमाने सरांचं. सर कॉलेजात शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घर आरशासारखं. धुराची गाडी आली की ते स्वतः फाटक उघडून धूर आत घ्यायचे. नरसक्का पहिल्यांदा गेली तेव्हा त्यांनी तिला फाटकातच थांबवलं आणि फार सभ्यपणे सांगितलं की माझ्या अंगणात साचलेल्या पाण्याचा थेंब नाही आणि माझ्या घराची तपासणी मी करतो.

नरसक्का मागं फिरली. दुसऱ्या दिवसापासून तिनं आमच्या परसात भिंतीलगत स्टूल लावलं. सकाळी सर कपडे वाळत घालायला यायचे, त्यांच्या पत्नी शैलाकाकूंच्या गुडघेदुखीमुळं ते काम त्यांच्याकडं होतं. त्याच वेळी भिंतीवर नरसक्काचा चष्मा उगवायचा. ती नमस्कार करायची आणि पाखरांच्या पाण्याचं ताट रोज घासायला सांगायची. सरही नमस्कार करायचे आणि ताट घासायचे. दोघांनी एकमेकांवर कधी आवाज चढवला नाही. पण फाटक काही उघडलं नाही.

मग एका वर्षी पावसाळा सरता सरता आसपासच्या गल्ल्यांत ताप सुरू झाला. आमच्या गल्लीत कुणाला नव्हता आणि ते आम्ही जरा मिरवतही होतो. तोच शैलाकाकूंना दवाखान्यात हलवावं लागलं. डेंग्यू निघाला. प्लेटलेट्स रोज खाली येत होत्या. सर कपडे न्यायला घरी आले तेव्हा दोन दिवसांची दाढी वाढलेली होती. फाटकाबाहेर नरसक्का उभी होती. मला वाटलं, ही आता बोलणार. ती एवढंच म्हणाली, "सर, पाच मिनटं बघू द्या."

सर बाजूला झाले.

मीही मागोमाग गेले. तिनं कुंड्या पाहिल्या, पन्हळ पाहिली, फ्रिजचा ट्रे पाहिला. सगळं कोरडं. सर खोटं बोलले नव्हते. नरसक्का अंगणाच्या मधोमध थांबली, सगळीकडं नजर फिरवली, आणि मग कपडे वाळत घालायच्या तारेच्या लोखंडी खांबापाशी गेली. तिनं मगानं खांब वाजवला. वर टणटण आवाज आला, खाली बद्द. खांब पोकळ होता आणि वरून उघडा. तिनं स्टूल मागवलं, टॉवेलची पट्टी काठीला गुंडाळून खांबात सोडली आणि बाहेर काढून पांढऱ्या कापडावर पिळली. कापड वळवळायला लागलं.

तिनं चष्मा सरांना दिला. सरांनी खूप वेळ पाहिलं.

"रोज याच खांबाला धरून उभा राहतो मी," ते म्हणाले.

"तुमचं चुकलं न्हाय, सर. ते दिसतच नव्हतं," नरसक्का म्हणाली.

काकूंना चावलेला डास तिथलाच होता, हे कुणीच सांगू शकत नाही आणि नरसक्कानंही कधी सांगितलं नाही. दोघांनी मिळून चारही खांब वाळूनं भरले. आठवड्यानं काकू घरी आल्या. आता सर गल्लीभर खांब वाजवत फिरतात, आणि फाटक उघडंच असतं.

पुढं आरोग्य केंद्राच्या बाई घरोघर पाहणी करत आल्या. आमच्या गल्लीत त्यांना एकही अळी सापडली नाही. आम्ही काय करतो, असं त्यांनी विचारलं. आम्ही सगळ्यांनी एकाच दाराकडं बोट दाखवलं. तेव्हापासून त्या नरसक्काला शेजारच्या गल्ल्यांतही घेऊन जातात. आमची माणसं बाहेर ओळख सांगताना पेठेचं नाव नंतर सांगतात, आधी सांगतात, 'नरसक्काची गल्ली'.

यंदा माझ्या शाळेत आम्ही तिचा सत्कार ठेवला. मी भाषण लिहिलं होतं, शाल आणली होती. नाव पुकारलं तर खुर्ची रिकामी. ती शाळेच्या मागं पाण्याच्या टाकीचं झाकण बघायला गेली आणि तिथूनच घरी निघून गेली. भाषण मी रिकाम्या खुर्चीला ऐकवलं.

संध्याकाळी शाल घेऊन मी तिच्या घरी गेले. तेव्हा लक्षात आलं की अकरा वर्षांत मी तिच्या परसदारी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तीच आमच्याकडं यायची. शाल घेतल्यावर तिनं मला मागं नेलं. सारवलेली जमीन, उपडी घातलेली भांडी, तोंडाला पांढरं कापड ताणून बांधलेली बॅरलं. आणि कडुलिंबाखाली एक बाज, तिच्यावर धुतलेली चादर, सुरकुती नसलेली.

मी विचारलं नव्हतं. तिनंच सांगितलं. मी या गल्लीत येण्याआधीच वारलेल्या तिच्या नवऱ्याला लकवा झाला होता. हात उचलता येत नव्हते, बोलता येत नव्हतं. मुलं भिवंडीला, ती दिवसभर कारखान्यात. घरी येऊन बघावं तर तोंडावर, कानांवर, पापण्यांवर सगळीकडं डास चावल्याच्या गांधी.

"आपल्याला चावला की आपण हात मारतो," ती म्हणाली. "ते नुसते बघत ऱ्हायचे. दिवसभर. एकदा पापणीवर बसलेला मी येऊन उडवला, तर डोळ्यातनं पाणी आलं त्यांच्या."

कारखाना सुटल्यावर तिनं ठरवलं की हे परसदार असं करायचं की संध्याकाळी त्यांना बाजेवर बाहेर झोपवता यावं, आभाळ दिसावं. आपलं साफ केलं तरी शेजारून यायचे, म्हणून मग ती शेजारी गेली. मग त्याच्या शेजारी.

"शेवटची दोन वर्षं रोज हितंच असायचे. एक बी चावला न्हाय," ती म्हणाली. हे सांगताना तिची मान ताठ होती. आमच्यापुढं कधी एवढी ताठ झालेली मी पाहिली नव्हती.

आम्ही बाजेच्या दोन कडांना बसलो. वर लिंबात चिमण्या गोळा होत होत्या. घरी पोळ्या व्हायच्या होत्या, म्हणून थोड्या वेळानं मी उठले. तिनं चादरीवरनं हात फिरवला आणि एरवी मला 'बाई, तुम्ही' म्हणणारी ती इतक्या वर्षांत पहिल्यांदाच 'तू' म्हणाली.

"तू बस की अजून जरा. डास न्हाईत हितं."

मी बसले.