ठोंबरे सरांचा काळोख

भिसेगावातल्या ठोंबऱ्यांच्या न्हाणीघरात आठवडाभर लाल दिवा जळत होता. खिडकीवर काळी ताडपत्री ठोकलेली, दाराच्या फटीत जुनी गोधडी कोंबलेली, आणि आत जाणाऱ्याने चटकन दार लावून घ्यायचं असा घरातल्या कर्त्या पुरुषाचा, म्हणजे प्राध्यापक योगेंद्र ठोंबरे यांचा, हुकूम होता. त्यांच्या पत्नी हर्षलाबाई त्या लाल उजेडात आंघोळ उरकून पोस्टात कामाला जात. कुंकू कपाळाच्या मधोमध लागलंय की नाही, हे त्यांना तिथल्या साहेबांच्या चेहऱ्यावरून कळे.

हा सगळा थाट चार लोखंडी पाइपांसाठी होता. ठोंबरे सर कर्जतला कॉलेजात इतिहास शिकवत, पण राजेरजवाड्यांत त्यांचा जीव रमत नसे. आंबेपाड्याच्या डोंगरातल्या गुहेत आदिमानव राहत होता, असं त्यांचं मत होतं. एवढा सह्याद्री मोकळा असताना त्या माणसाने कर्जत तालुकाच निवडला असणार, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. पुरावा तेवढा बाकी होता.

तो पुरावा त्या पाइपांत होता. जमिनीखाली गाडला गेलेला वाळूचा कण आपण किती वर्षं काळोखात आहोत याचा हिशेब स्वतःपाशी ठेवतो, आणि ऊन लागलं की तो हिशेब पुसला जाऊन पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणून सरांनी गुहेच्या तळाशी चर खणून, डोक्यावर घोंगडी घेऊन, त्या चराच्या भिंतीत पाइप ठोकले, मातीसकट बाहेर काढले, दोन्ही तोंडं काळ्या पट्टीने बंद केली आणि न्हाणीघरात आणून ठेवले. सोमवारी गुजरातेतल्या एका प्रयोगशाळेतून प्राची नावाच्या शास्त्रज्ञ बाई ते न्यायला येणार होत्या. तिथल्या यंत्रावर त्या मातीचं वय निघायचं होतं. तोवर या चार पाइपांना लाल दिव्याखेरीज कुठलाही उजेड दिसता कामा नये, हे सरांनी कॉलेजात, पोस्टात आणि भाजीवाल्याकडेही सांगून ठेवलं होतं. फक्त तालिबला सांगायचं राहिलं.

तालिब दहिवलीचा प्लंबर. शनिवारी सर 'पुरातन वारसा आणि आपण' या विषयावर बोलायला खोपोलीला गेले, आणि त्याच सकाळी न्हाणीघरातलं पाणी खालच्या बिऱ्हाडाच्या देवघरात उतरलं. हर्षलाबाईंनी तालिबला बोलावलं. भिंतीतून बाहेर जाणारा पाइप सडलाय, नवा लागेल, असं त्याने बघून सांगितलं. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, की नवा आणू नकोस, घरात पाइप पडलेत तेच वापर. त्यांच्या मनात माळ्यावरचे होते. तालिबच्या समोर न्हाणीघरातले होते.

सर हार आणि श्रीफळ घेऊन परतले, तेव्हा न्हाणीघराची खिडकी सताड उघडी होती आणि आत कोपरान् कोपरा दिसेल असा लख्ख उजेड पडला होता. तालिब हात धूत होता.

"सर, तुमचे पाइप सगळे जाम झालेले," तो म्हणाला. "गच्चीवर नेऊन ठोकले, तवा कुठं माती सुटली. दोन भिंतीत बसवले, दोन धुऊन उन्हात ठेवलेत."

"आणि माती?" सरांनी विचारलं.

"ती बी चांगली उन्हात पसरली न् मॅडमच्या कुंड्यांत घातली. वाया नाय घालवली."

ज्या मातीने हजारो वर्षं सूर्याचं तोंड पाहिलं नव्हतं, ती आता कढीपत्त्याच्या मुळाशी दुपारचं ऊन खात होती. सर पलंगावर आडवे झाले. हर्षलाबाईंनी चहा आणून ठेवला आणि झालं गेलं ते प्राचीबाईंना सरळ सांगून टाका, असं सुचवलं. सरांना हा विचार फार हलका वाटला. दोनच दिवसांपूर्वी त्यांनी एका स्थानिक वर्तमानपत्राला मुलाखत दिली होती. 'आदिमानव आपलाच' असा मथळा फोटोसकट छापून आला होता. कढीपत्त्यामुळे मानवजातीचा इतिहास थांबला, हे त्यांना छापून आणायचं नव्हतं. त्यापेक्षा रविवारी सकाळी गुहेत जाऊन नवे नमुने काढावेत आणि कुणाला काही बोलू नये, हा मार्ग त्यांना जास्त शास्त्रीय वाटला.

आंबेपाड्याच्या सरपंच गौराबाई होत्या, म्हणजे पाटीवर नाव त्यांचं होतं. कारभार त्यांचा नवरा नामा बघे. रविवारी सर घोंगडी, हातोडा आणि नवे पाइप घेऊन डोंगर चढले, तर नामा गुहेच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसला होता. आतून कसलीशी घरघर येत होती. सरांनी डोकावून पाहिलं. गुहेला चुना मारला होता. त्यांनी खणलेला चर बुजला होता, तळ भर टाकून सपाट झाला होता, आणि दोन गवंडी मशीनवर फरशी कापत होते. अर्धी गुहा एखाद्या दवाखान्यासारखी चकचकीत झाली होती.

"हे काय केलंत?" सरांनी विचारलं.

"जतन केलं," नामा म्हणाला. "तुमीच झेंड्याच्या भाषनात बोललात ना, गुहेचं जतन करा म्हून? मंग केलं."

सरांना ते भाषण आठवलं. टाळ्याही आठवल्या. आता वाद घालण्यात अर्थ नव्हता, कारण गवंडी सरकत सरकत गुहेच्या पोटात चालले होते. मागच्या कोपऱ्यात फरशी अजून पोचली नव्हती. तिथली माती मूळचीच असणार, असं सरांनी ठरवलं. ती पूर्वीपेक्षा उंच दिसत होती आणि तिचा रंगही जरा निराळा होता. पण काळोखात रंगाचं काय घेऊन बसायचं, अशी त्यांनी मनाची समजूत काढली. डोक्यावर घोंगडी घेऊन त्यांनी पाइप ठोकले. गवंड्यांनी काम थांबवून बघितलं आणि सर नवस फेडत असावेत असं समजून पुन्हा फरशीला लागले.

सोमवारी प्राचीबाई आल्या, पोहे खाल्ले, कढीपत्त्याचं कौतुक केलं आणि पाइप घेऊन गेल्या. पुढचे काही महिने सर फोन उशाशी घेऊन झोपले. फोन आला तो कॉलेजात, तास चालू असताना.

"सर, पंचवीस हजार वर्षं," प्राचीबाई म्हणाल्या. "शिवाय पाइप रिकामा करताना त्यात गारगोटीचं छोटंसं पातं सापडलंय. माणसानंच घडवलेलं आहे, धार स्पष्ट दिसते. पण सर, एक गोष्ट…"

सरांनी ती एक गोष्ट ऐकली नाही. त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि फोन हातातून सुटला होता. इतकी वर्षं ज्याला ते शोधत होते, तो माणूस खरोखर होता. त्याने कुठेतरी बसून दगडाचं पातं घडवलं होतं. वर्गातल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळपर्यंत बातमी वर्तमानपत्राकडे गेली, तिथून आंबेपाड्याला. दुसऱ्या दिवशी नामाने पेंटर बोलावून गुहेच्या तोंडाशी पाटी रंगवून घेतली.

पाटी वाळली, तेव्हा प्राचीबाईंचा पुन्हा फोन आला. त्यांचा आवाज फार सभ्य होता. मातीतले निम्मे कण पंचवीस हजार वर्षांचे आहेत, निम्म्यांचं वय मात्र जवळजवळ शून्य येतंय, असं त्या म्हणाल्या. म्हणजे आकड्यांवर विश्वास ठेवायचा, तर गुहेत दोनदा वस्ती झाली: एकदा पंचवीस हजार वर्षांपूर्वी आणि एकदा गेल्या पावसाळ्यानंतर. "मधल्या काळात तिथे कोण राहत होतं, सर?" त्यांनी विचारलं.

सर तसेच उठून आंबेपाड्याला गेले आणि भरावाची माती कुठून आणली, ते नामाला विचारलं. नामाने मोठ्या अभिमानाने सांगितलं, की ती खालापूरची. तिथे एका मुंबईच्या शेठचं फार्महाऊस होत होतं, पोहायच्या तलावासाठी खोल खड्डा खणला होता, तिथली पिवळी माती टेंपोने आणून टाकली. फुकट मिळाली. उकरताना आणि ओतताना ज्या कणांना ऊन लागलं ते नव्याने जन्मले, ज्यांना नाही लागलं ते म्हातारेच राहिले. सरांना सगळं समजलं. आदिमानव खरा होता, पातं खरं होतं, पंचवीस हजार वर्षं खरी होती. फक्त तालुका चुकला होता.

त्या दिवशी सर घरी गेले आणि त्यांनी प्राचीबाईंना फोन करून पाइप, तालिब, कढीपत्ता, घोंगडी, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, की झाला प्रकार अतिशय वाईट आहे, पण पातं कुठल्याशा थरातून आलंय आणि तो थर खालापूरला आहे. मी येते, आपण खड्डा बघू.

त्या आल्या. दोघं खालापूरला गेले. पण शेठच्या माळ्याकडे सरांनी आदल्या दिवशी फोनवर चौकशी केली होती आणि तीत 'पुरातत्त्व' हा शब्द वापरला होता. हा शब्द ऐकल्यावर रायगड जिल्ह्यात बांधकामाला जेवढा वेग येतो, तेवढा कशानेच येत नाही. दोघं पोचले तेव्हा खड्ड्याला काँक्रीटचा तळ आणि भिंती झाल्या होत्या, ओल्या काँक्रीटवर पोती पसरली होती, आणि इथे कधीच माती नव्हती असं माळी शपथेवर सांगत होता. उरलेली पिवळी माती कुठे गेली, याचं त्याच्याकडे एकच उत्तर होतं: जी होती ती आंबेपाडावाले घेऊन गेले.

म्हणजे त्या आदिमानवाने जिथे पाय टेकले ती माती आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होती: गुहेतल्या फरशीखाली. प्राचीबाईंना वाटलं, की फरशी उचलून माती चाळली तर आणखी पाती मिळतील, कदाचित हाडंही. सरांना प्रथमच आपल्या सिद्धांतापेक्षा त्या माणसाची काळजी वाटली. ते दुसऱ्याच दिवशी कुदळ घेऊन आंबेपाड्याला गेले. त्यांनी नामाला आणि गौराबाईंना काहीही न लपवता सगळं सांगितलं, आणि थोडी फरशी उचलू द्या, अशी हात जोडून विनंती केली.

नामाने शांतपणे ऐकून घेतलं. मग त्याने पाटीकडे बोट केलं. पाटीवर ऑइलपेंटमध्ये लिहिलं होतं: 'पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा मानवी ठेवा. येथे खोदकाम करण्यास सक्त मनाई. संशोधक: प्रा. योगेंद्र ठोंबरे.'

"तुमचंच नाव हाय सर," नामा म्हणाला. "आता तुमीच खनाया लागलात तर लोकं काय बोलतील?"

सरांनी पुन्हा समजावलं, की गुहा जुनी नाही, माती जुनी आहे, आणि तीही खालापूरची. नामाचं म्हणणं पडलं, की गौराबाईंचं माहेरही खालापूरचंच, पण त्या आता आंबेपाड्याच्याच.

सरांचा चेहरा बघून गौराबाईंना दया आली असावी. त्यांनी सरांच्या हातातली कुदळ अलगद काढून घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली.

"आत जाऊन बघून या वाईच," त्या म्हणाल्या. "पन चपला हिकडंच काढा. आत्ताच फरशी पुसलीय."

सरांनी चपला काढल्या.