आईने भरायचा रकाना

पाणीपुरवठा कार्यालयात तीन नंबरच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंविरुद्ध एकाच महिन्यात चौथी तक्रार आली, तेव्हा साहेबांनी त्यांना आत बोलावलं. एका गृहस्थांनी "माझ्या नळाला पाणी कधी येणार?" असं विचारलं होतं आणि बाईंनी "मला काय विचारता, नळाला विचारा," असं उत्तर दिलं होतं.

"कामात तुम्ही चोख आहात," साहेब म्हणाले, "पण तुमचं तोंड. खरं तर तुम्हाला तळघरात जुन्या फायलींवर बसवायला हवं. त्याआधी एक संधी देतो. दर मंगळवारी आपल्याकडे समुपदेशक येतात, त्यांना भेटा."

समुपदेशक वयाने लहान होते आणि इतकं हळू बोलायचे की समोरच्यालाही आपोआप कुजबुजावं लागे. त्यांचं म्हणणं असं की माणूस चिडका, भांडकुदळ का झाला हे शोधायचं तर कधीकधी त्याच्या जन्माच्याही मागे जावं लागतं. पोटात असताना आईला ताण असेल, बाळंतपण अवघड गेलं असेल, तर त्याचा ठसा राहू शकतो, आणि अशी चार माणसं एका कार्यालयात जमली की सगळं गाव वैतागतं. त्यांनी चार पानी फॉर्म पुढे केला.

"आईंकडून भरून आणा. पुढच्या मंगळवारी बघू."

बाईंची आई शिवणकाम करायची. चाळीस वर्षांत तिने एक टाका वाकडा जाऊ दिला नव्हता. गेलाच तर सगळी शिवण उसवून पुन्हा घालायची. तिने चष्मा लावून फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि नवव्या रकान्यावर बोट ठेवलं. "गरोदरपणात आईची मनःस्थिती कशी होती? चिडचिड अथवा भांडणे झाली असल्यास कारण लिहावे."

"म्हणजे तू लोकांवर खेकसतेस, ते माझ्यामुळे."

"तसं नाही गं. 'मनःस्थिती चांगली होती' एवढं लिही आणि सही कर."

"खोटं लिहू?"

"मग 'चांगली नव्हती' लिही."

"म्हणजे दोष माझाच." आईने फॉर्मची घडी घातली. "कारण विचारलंय ना त्यांनी? मग कारण लिहिते. तू यात पडू नकोस."

शनिवारी आईने मावशीला बोलावून घेतलं, कारण त्या वेळी सोबत तीच होती. संध्याकाळपर्यंत दोघींचं वाजलं. कळा चौदा तास चालल्या असं आईचं म्हणणं. मावशी सोळाच्या खाली यायला तयार नव्हती.

"कळा मला येत होत्या की तुला?"

"तुला घड्याळ बघायची शुद्ध होती का? मी बघत होते."

शेवटी दोन्ही आकडे लिहायचे ठरलं. रकाना पुरेना, म्हणून पुरवणी जोडली. सोमवारपर्यंत पुरवणीची अकरा पानं झाली. बाईंनी ती मागितली, तेव्हा आई म्हणाली, "हे माझं आणि त्या समुपदेशकांचं काम आहे. मी स्वतः नेऊन देते."

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाईंनी खिडकीतून मान वर केली, तर रांगेत सातवी आई आणि आठवी मावशी.

"आई, बाजूच्या दाराने आत ये ना."

"रांग आहे," आई म्हणाली. "आमच्या पुढे सहा माणसं आहेत."

रांग हळू सरकत होती. पुढच्या बाईने मागे वळून विचारलं, "कसला अर्ज आहे?" आईने खरं ते सांगितलं. त्या बाईला नवल वाटलं. तिचा थोरला नेहमी रुसून बसायचा आणि त्याच्या वेळी तिला नऊ महिने उलट्या झाल्या होत्या. हे ऐकून आणखी एक बाई आपली रांग सोडून इकडे आली. तिच्या जुळ्यांतला एक गरीब होता आणि एक उपद्व्यापी, तर ताण एकालाच कसा पोचला, हे तिला जाणून घ्यायचं होतं. एक गृहस्थ म्हणाले, "मी पायाळू. म्हणून माझी सगळी कामं उलटी होतात. हाच अर्ज तिसऱ्यांदा परत आलाय." कुणाच्या सासूबाईंचा विषय निघाला. थोड्याच वेळात तिन्ही रांगा मोडून एक मोठं कोंडाळं झालं आणि मध्यभागी आई पुरवणी घेऊन उभी. आवाज वाढला तसे समुपदेशक बाहेर आले आणि पाठोपाठ साहेबही.

"इथे काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"फॉर्म द्यायचाय," आई म्हणाली. "पण नुसता घेऊन फायलीत लावू नका. वाचून घ्या. माझ्या मुलीच्या तोंडाचं कारण त्यात आहे."

समुपदेशक हळूच म्हणाले, "काकू, आपण आत बसून..."

"आत नको. तिच्या तक्रारी इथेच झाल्या ना? मग हेही इथेच होऊ दे."

आईने वाचायला सुरुवात केली. नवीन खोलीत राहायला आल्यावर पाण्याची जोडणी नव्हती. नववा महिना लागला तरी ती खालच्या सार्वजनिक नळावरून तीन जिने चढून पाणी आणत होती. अर्ज घेऊन ती याच कार्यालयात, याच खिडकीवर आली. खिडकीतला कारकून म्हणाला, उद्या या. दुसऱ्या दिवशी म्हणाला, उद्या या. तिसऱ्या दिवशीही तेच ऐकल्यावर ती बाजूच्या दाराने आत शिरली, त्याच्या टेबलावर चढून बसली आणि म्हणाली, शिक्का बसल्याशिवाय मी उठणार नाही. दीड तास भांडण चाललं. मग तिथेच कळा सुरू झाल्या.

"तरी ही उठेना," मावशी म्हणाली. "म्हणे, आधी शिक्का."

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. पस्तीस वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्या आईच्या पायांकडे बघत राहिल्या. आई अजून उभीच होती.

समुपदेशकांचा चेहरा उजळला. "बघा, बाळाने ते सगळं भांडण आत ऐकलं असणार."

"ऐकलं असेल," आई म्हणाली. "पण मग नवव्या रकान्यात माझं नाव कशाला? त्या कारकुनाचं लिहा. त्याला शोधा आणि त्याला समुपदेशन द्या. तोवर मी हलणार नाही." आणि तिने आजूबाजूला टेबल शोधायला सुरुवात केली.

साहेब पुढे आले. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची उचलून आणली आणि आईसमोर ठेवली.

"बसा ताई," ते म्हणाले. "तो कारकून मीच."

कोंडाळं एक पाऊल पुढे सरकलं.

"मला नोकरीला लागून तीन आठवडे झाले होते," साहेब म्हणाले. "तुमच्या अर्जाची नोंद कुठल्या वहीत करायची, ते मला माहीत नव्हतं. वरिष्ठांना विचारायची भीती वाटायची. म्हणून उद्या या म्हणायचो. वाटायचं, उद्यापर्यंत कळेल."

आईने त्यांना नीट न्याहाळलं. तेव्हा डोक्यावर केस होते, एवढाच फरक.

"मग 'माहीत नाही' असं सांगायचं होतंत. मी समोरच बसून वाट बघितली असती."

"ते सुचलं नाही. गाडी आणायला मात्र मीच धावलो होतो."

"हो, धावले होते," मावशी म्हणाली. "एक चप्पल इथेच टाकून."

आईने फॉर्म त्यांच्यापुढे धरला. साहेबांनी नवव्या रकान्यात स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहिला आणि खाली सही केली. आईने सही तपासली, तारीख घालायला लावली आणि मगच ती खुर्चीत टेकली.

त्या दुपारी बाई अर्धी रजा घेऊन आईला घरी सोडायला गेल्या आणि खिडकीवर साहेब स्वतः बसले. कित्येक वर्षांत ते तिथे बसले नव्हते. नोंदवह्या बदलल्या होत्या, संगणक दर पाच मिनिटांनी संकेतशब्द मागत होता आणि पायाळू गृहस्थ चौथ्यांदा तोच अर्ज घेऊन समोर उभे होते. सुटायच्या वेळेपर्यंत साहेबांविरुद्ध दोन तक्रारी आल्या.

दुसऱ्या दिवशी एकाने बाईंना पाण्याची वेळ विचारली. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं आणि म्हणाल्या, "मला माहीत नाही. बसा, विचारून सांगते." तो माणूस थेट साहेबांकडे गेला आणि बाईंची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी करून आला.

पुढच्या मंगळवारी समुपदेशकांनी साहेबांच्या टेबलावर एक कोरा फॉर्म ठेवला. नियम सगळ्यांना सारखा, असं ते अगदी हळू आवाजात म्हणाले. साहेबांनी तो मुकाट्याने घरी नेला. त्यांच्या आई त्र्याऐंशी वर्षांच्या होत्या आणि त्यांना सगळं आठवत होतं. पुरवणीला किती पानं जोडलेली चालतात, एवढंच त्यांनी विचारलं.