सात बोटांची अंबाडी

मला झाडांतलं कळतं! नुसतं पान बघून मी झाडाचं खानदान सांगतो. त्यामुळे 'नोएडात अंबाडी मिळत नाही' म्हणून आमची मराठी मंडळी उसासे टाकू लागली, तेव्हा मी ग्रुपवर जाहीर केलं, "काळजी नको! हरीश पिकवणार!"

लातूरहून बहिणीकडून बी मागवलं. सोसायटीमागच्या रिकाम्या प्लॉटवरची माती आणली आणि बाल्कनीत दहा कुंड्या मांडल्या.

आठवड्यात कोंब! पहिली पानं एकेरी, कडांना करवतीसारखे दाते. मग तीन बोटांची पानं, मग पाच, मग चक्क सात! खोडावर उभ्या रेघा, आणि उंची तर अशी, की ऑफिसला जाताना गुडघ्याएवढं रोप परत येईस्तोवर मांडीला लागायचं! मी रोज पट्टी लावून फोटो टाकत होतो.

"अहो, अंबाडीला असा वास येतो?" माझ्या बायकोनं, मृणालनं, नाक दाबलं. "ओल्या मोज्यांसारखा?"

"दिल्लीचं पाणी!"

"आणि पान आंबट का नाही?"

"प्रदूषण! तू खुडून घे बघू. फुलं यायच्या आत कोवळी खायची असते."

पहिली जुडी मी खालच्या मजल्यावरच्या सखुबाईंना दिली. त्यांचे यजमान हिंमतराव म्हणजे निवृत्त सुभेदार आणि सोसायटीचे सेक्रेटरी. शिस्त इतकी, की लिफ्टमध्ये शिंकायचं झालं तरी अर्ज करावा लागेल!

त्याच दिवशी दुपारी गार्ड शेरसिंग कुरिअर घेऊन आला आणि बाल्कनी बघून थबकला.

"साहब, इतनी सारी भांग?"

"भांग नहीं, अंबाडी है!"

"साहब, मैं पहाड़ का आदमी हूँ. मिट्टी पीछेवाले प्लॉट की है ना? वहाँ तो अपने आप उगती है."

म्हणजे बहिणीचं बी उगवलंच नव्हतं! मी आणि मृणालनं दहाही कुंड्यांतली रोपं उपटली. शेवटचं रोप पिशवीत कोंबताना मृणाल किंचाळली, "जुडी! सखुबाईंची जुडी!"

मी अनवाणी जिना उतरलो. दार उघडंच होतं. हिंमतराव सोफ्यावर उभं राहून पंख्याला सॅल्यूट ठोकत होते.

"या हरीश! बघा, बिचारा केव्हाचा फिरतोय! याची रजा मंजूर करा!" आणि खो खो हसत ते खाली बसले.

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. "पाणी पाजा, झोपू द्या, लक्ष ठेवा," ते म्हणाले. हिंमतराव लगेच घोरायला लागलेसुद्धा. सखुबाईंना एकादशी होती म्हणून त्या वाचल्या.

मी हात जोडले. "वहिनी, माफ करा. ती अंबाडी नव्हती, भांग होती!"

सखुबाईंनी घोरणाऱ्या नवऱ्याच्या अंगावर चादर ओढली.

"बेचाळीस वर्षांच्या संसारात आज पहिल्यांदा म्हणाले, 'सखू, भाजी फक्कड झालीय.'"

मग त्यांनी हळूच विचारलं.

"बाकीची रोपं?"

"सगळी उपटली, वहिनी! मुळासकट!"

त्यांनी सुस्कारा सोडला.

"घाई केलीत, भावजी."