लागत नाही

ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज आला : पँटच्या खिशातला मोबाइल आणि घरातला वायफाय पुरुषाच्या बाप होण्याच्या मुळावर उठतात, उपाय फक्त जडीबुटी. मी कोळगावच्या कचेरीतला क्लार्क. परिपत्रक आलं की अंमलबजावणी. (खरंखोटं तपासणं आमच्या टेबलाचं काम नाही.) त्याच दिवशी मोबाइल डब्याच्या पिशवीत गेला आणि वायफाय बंद झाला.

लग्नाला तीन वर्षं झाली होती, पाळणा हलला नव्हता. बायकोच्या, प्रियंकाच्या, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. राहिलो होतो मी. खरं सांगतो, मला त्या रिपोर्टची भीती वाटत होती.

"तुम्ही कधी जाताय?"

"आधी गावठी औषध करून बघू."

म्हणून बोईसरच्या बाजारात महादूला गाठलं. हा वाणगावकडच्या पाड्यावरचा म्हातारा, मुळ्या घेऊन बसतो. शेजारी सुकट विकणाऱ्या दोन बाया. त्यांच्यादेखत 'बाप व्हायचा नंबर लागत नाही' असं कसं सांगणार?

"ते... लागत नाही," मी कुजबुजलो.

"कदीपासून लागत नाय?"

"लग्न झाल्यापासून."

"बायको काय बोलते?"

"काळजीत आहे."

महादूला माझी दया आली. "ही मुळी उगाळून घ्या सायेब. आठ दिसांत फरक."

फरक चार दिवसांत दिसला. सकाळी सहा भाकऱ्या, दुपारी माझ्या डब्यासोबत साहेबांचाही डबा, रात्री तळलेले बोंबील मोजणं मी सोडूनच दिलं. (अंगात ताकद येतेय, असा माझा समज.) प्रियंका दर रविवारी माझं वजन कागदावर लिहू लागली. तिसऱ्या रविवारी पँटचं बटण उडालं, तेव्हा तिने मला महादूसमोर उभं केलं.

"बाबा, आम्हाला मूल हवंय. आणि हे नुसते खात सुटलेत."

महादूने कपाळाला हात लावला. "हे बोलले, लागत नाय. मला वाटलं, भूक लागत नाय. आसं सांगायचं ना सायेब. पोरासाठी डॉक्टरकडं जा, लाजू नका."

सुकटवाल्या बाया इतका वेळ तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. त्या आता मोकळेपणी हसल्या.

दुसऱ्या दिवशी पालघरच्या दवाखान्यात तपासणीची बाटली मिळताच मी ती डब्याच्या पिशवीत दडवली. प्रियंकाने पाठीवर हात ठेवला, तेव्हा जरा बरं वाटलं. इतक्यात आमची फाइल चाळणाऱ्या मंदा नर्सच्या हाती प्रियंकाचा तो वजनाचा कागद लागला.

"तीन आठवड्यांत सात किलो?" मंदाबाई प्रियंकावर करवादल्या. "असं चालत नाही बाई. जुळं आहे का? कितवा महिना?"

प्रियंकाने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनाच विचारा."