गिटारीला लागलेला फणस

अनसूया गवाणकर यांनी मागच्या पडवीत बसून स्वतःच्या हातांनी केलेल्या गिटारीला ऐन थंडीत फणस लागला.

तारा चढवायच्या आदल्या दिवशी ही गोष्ट उघड झाली. आत कुठे सरस ओघळून राहिलाय का, ते बघायला अनसूयाकाकींनी पेटीच्या गोल भोकातून बॅटरी मारली. मान जिथे पेटीला जोडली होती त्या ठोकळ्याला, आतल्या बाजूने, कोवळ्या फणसाची अंगठ्याएवढी हिरवी कुयरी लोंबत होती. कोवळे काटे, देठ, देठावर चिकाचा थेंब, सगळं जिथल्या तिथे. काकी मटकन खाली बसल्या. त्यांनी बॅटरी विझवली, शंभर आकडे मोजले आणि पुन्हा लावली. कुयरी हलली नव्हती.

आता ही गिटार आलीच कुठून, ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी बांधावरचा जुना फणस वादळात आडवा झाला. तो बांध काकींचा आणि त्यांचे चुलत दीर बाबल गवाणकर यांचा सामाईक. लाकूड निम्मंनिम्म झालं. बाबलने आपल्या निम्म्याचा पलंग करून घेतला. काकींनी आपल्या फळ्या माळ्यावर वाळत टाकल्या, आणि पुढे शहरातल्या दुकानात एक गिटार हातात घेतल्यावर दुकानदार म्हणाला, "काकू, ठेवा खाली, हे तुमचं काम नाही," तेव्हा त्यांना त्या फळ्या आठवल्या.

शिकवणार कोण होतं? फोनवर एक परदेशी दाढीवाला गिटार करून दाखवायचा. तो काय बोलतो ते काकींना कळत नव्हतं, हात मात्र कळत होते. तो पातळ फळी दोन बोटांत धरायचा, टिचकी मारायचा आणि कान लावायचा. काकी खुर्चीत ताठ झाल्या. "अरे, हा तर फणस बघतोय!"

गावात फणस पिकला की नाही हे चाळीस वर्षं काकीच सांगत आल्या होत्या. त्यांनी टिचकी मारून "पिकला" म्हटलं की कोयता चालायचा, "परवा" म्हटलं की परवाच चालायचा. तीच टिचकी त्यांनी फळीला लावली. फळी बोलेपर्यंत रंधा मारला, गरम पाइपावर कडेच्या पट्ट्या वाकवल्या, तीन मोडल्या, चौथी वळली. आणि दत्तजयंतीला देवळात ही गिटार मी वाजवणार, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. बाबल म्हणाला होता, "म्हातारी आज गिटार करते, उद्या विमान करील." दत्तजयंतीला आता अठरा दिवस उरले होते.

कुयरी फोडून बाहेर काढावी आणि तिची भाजी करावी, असं काकींनी ठरवलं. बारीक सुरी भोकात घातली, इतक्यात बाबल पडवीत येऊन उभा राहिला.

"काय शोधतेस गो वहिनी आत?"

काकींना खोटं सुचलं नाही. बाबलने वाकून बघितलं आणि त्याच्या तोंडाचा आ वासला तो मिटेना.

"थंडीत?" तो म्हणाला. "फणस? थंडीत?"

"बाबल, गिटारीला फणस लागलाय."

"ते दिसतंय. पण थंडीत!" तो पायरीवर बसला. बऱ्याच वेळाने त्याला दुसरा धक्का बसला आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता. "हे आपल्या बांधावरच्या झाडाचं लाकूड ना? मग माझ्या पलंगाला का नाही लागला?"

"मला काय विचारतोस? पलंगाला विचार."

"थट्टा नको. वाटणीपत्रात काय लिहिलंय? झाड आहे तोवर फळ निम्मंनिम्म. झाड पडलं म्हणून मी तीन वर्षं गप्प होतो. आता फळ लागलं, म्हणजे झाड आहे. फळातला निम्मा वाटा माझा. तुम्ही सुरी बाहेर काढा."

बाबल 'तुम्ही'वर आला, म्हणजे प्रकरण कागदावर जाणार. काकींनी सुरी बाहेर काढली. बाबलचं म्हणणं त्यांनी मनात उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्यात कुठेच फट सापडली नाही. मूर्ख माणूस बरोबर बोलला की शहाण्या बाईने करायचं तरी काय?

बाबलने कळवल्यावरून दुसऱ्या दिवशी कृषी खात्याच्या खटावकर बाई आल्या. मुलगी घाटावरची, नोकरीत नवी आणि कामाला चोख. तिने टेप लावून गिटार मोजली.

"झाडाची उंची साडेतीन फूट. पाणी कुठलं?"

"पाणी?" काकी म्हणाल्या. "अगो, पाणी लागलं तर फुगून फुटेल ती."

"कोरडवाहू," खटावकर बाईंनी लिहिलं. "खत?"

"सरस लावलाय. आणि दोनदा पॉलिश."

"सेंद्रिय." मग त्यांनी बाबलकडे वळून विचारलं, "तुमच्या पलंगाची मशागत काय केली होती?"

"मशागत कसली? झोपतो त्याच्यावर."

"मग कसा लागेल?" खटावकर बाई म्हणाल्या, आणि बाबलने मान खाली घातली.

सातबाऱ्यावर नोंद झाली: फणस, झाडे एक, फळावर. नोंद झाली म्हणजे फळ वेळेआधी खुडायचं नाही. बाबलने लगेच अर्ज केला. फळ पेटीच्या आत आहे, भोक चार इंचांचं आहे, तेव्हा फळ पिकताच झाड उभं चिरून वाटा द्यावा. फळझाड चिरायला परवानगी लागते. काकींनी सुटकेचा श्वास सोडला, कारण त्यांच्या स्वतःच्या गोठ्याची परवानगी सहा वर्षं आली नव्हती.

ही परवानगी चौथ्या दिवशी आली. सगळा गाव हादरला. गिटारीला फणस लागल्याचं ऐकून कोणी घराबाहेर पडलं नव्हतं. पण सरकारी कागद चार दिवसांत आला म्हटल्यावर वरच्या वाडीतून माणसं तो बघायला आली. शिक्का खरा होता.

त्या दिवसापासून काकींची झोप उडाली. फणस झपाट्याने वाढत होता. आधी भोकातून काटे दिसायचे, मग नुसते काटेच दिसायला लागले. पेटीची पाठ किंचित फुगली. पाठीला टिचकी मारली की लाकूड उत्तर देत नव्हतं, फणस देत होता. आठ महिन्यांचं काम, चौथ्या खेपेला वळलेली पट्टी, बोटांवरच्या डागण्या, सगळं बाबलच्या करवतीखाली जाणार होतं. दत्तजयंतीला देवळात त्या काय वाजवणार होत्या? निम्मी पेटी?

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी बाबल करवत घेऊन आला. खटावकर बाई कागद घेऊन आल्या. कुंपणावर माणसं जमली.

"वहिनी, मारा टिचकी," बाबल म्हणाला. "तुम्ही म्हणाल तेव्हाच कापू. तुमच्या कानावर माझा विश्वास आहे."

हा खरा घाव होता. नुसतं "परवा" म्हटलं असतं तर करवत परत गेली असती आणि जयंती पार पडली असती. काकींनी गिटार मांडीवर घेतली. टिचकी मारली. कान लावला. चेहऱ्यावरचा रंग उडाला. पुन्हा टिचकी मारली, या वेळी खाली, बुडाशी.

"काय झालं?" खटावकर बाईंनी विचारलं.

"पिकलाय," काकी म्हणाल्या. बाबलने करवत उचलली. "थांब. पुरतं ऐकून घे." पुढचं वाक्य त्या चाळीस वर्षांत आपल्या झाडाबद्दल बोलल्या नव्हत्या. "बरका आहे."

कुंपणावर कोणी तरी "अगो बाई" म्हणालं. बाबलच्या हातातली करवत खाली आली.

गवाणकरांच्या बांधावरचा फणस म्हणजे कापा जातीचा. त्याचे गरे कडक, चाकूने कापावे तेव्हा सुटणारे. त्या झाडाच्या गऱ्यांवर दोन पिढ्या सोयरिकी जुळल्या होत्या. बरका म्हणजे मऊ, लिबलिबीत, घशाखाली सरकन उतरणारा. दारात पिकला तरी कोणी शेजाऱ्याला सांगत नाही.

"वहिनी, हळू बोला," बाबल कुजबुजला. "लोक ऐकतायत."

"ऐकू देत. बरक्याला काय लागतं ते सांग."

"काय लागणार? बरका हातानेच..." बाबल बोलता बोलता थांबला.

"हातानेच फुटतो," काकी मोठ्याने म्हणाल्या. "सुरी लागत नाही आणि करवतही लागत नाही. बाई, लिहून घ्या. गवाणकरांचा फणस बरका निघाला. लिहा, माझं नाव घालून लिहा!"

त्यांनी बांगड्या काढल्या, कोपरापर्यंत खोबरेल चोपडलं आणि हात भोकातून आत घातला. आत मऊ फाटल्याचा आवाज आला. पडवीभर वास सुटला. पहिला गरा बाहेर आला, बाबलच्या परातीत पडला. दुसरा काकींच्या. बाबल शेजारी बसून बघत होता. गरे संपले, मग साल फाडून पट्ट्यापट्ट्यांनी निघाली, मग मधला दांडा पिळून मोडून निघाला. दोन तास लागले. हात बाहेर आला तेव्हा मनगट सोलवटलं होतं, पण पेटीला ओरखडा नव्हता.

बाबलने एक गरा तोंडात टाकला. डोळे मिटले. "गोड आहे," तो म्हणाला, आणि त्याला त्याचाही धक्का बसला.

काकींनी कोरड्या फडक्याने पेटी आतून पुसली, एक दिवस सुकत ठेवायला आता वेळ नव्हता म्हणून लगेच तारा चढवल्या, पिळल्या आणि अंगठा फिरवला.

आवाज पडवीतून अंगणात गेला, कुंपणावरच्या माणसांतून पलीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही परत. काकी स्वतःच तोंड उघडं टाकून आपल्या अंगठ्याकडे बघत राहिल्या.

"वहिनी," शेवटी बाबल म्हणाला. "हा आवाज पण त्याच झाडाचा."

"हो."

"म्हणजे यातही माझा निम्मा."

काकींनी खटावकर बाईंकडे पाहिलं. त्यांनी कागद चाळला आणि होकारार्थी मान हलवली.

"मग घे की," काकी म्हणाल्या, आणि दुसऱ्यांदा अंगठा फिरवला.

बाबलने परात बाजूला सरकवली आणि आपल्या वाट्यात कमी पडू नये म्हणून तो दोन हात पुढे सरकून बसला.